मेणा की दमणी? मोटारीतील जागेचा हिशेब

दसरा किंवा पाडवा जवळ आला, की संध्याकाळचे जेवण आटोपल्यावर पुष्कळ घरांत एक वाद रंगतो. नवी मोटार घ्यायची हे ठरलेले असते. रंग मुलांनी निवडलेला असतो, हप्ता किती परवडेल याचा कागदही झालेला असतो. ठरत नाही ते एवढेच, की पाठीमागे स्वतंत्र डिकी असलेली सेडान घ्यावी, की छप्पर सरळ मागपर्यंत गेलेली उंच गाडी घ्यावी. या वादात मायलेज, पुनर्विक्रीची किंमत आणि शेजाऱ्यांचे मत यांना भरपूर वेळ मिळतो. गाडीच्या पोटात कोणी कसे बसायचे, हा प्रश्न मात्र शेवटी येतो आणि बहुधा मतास टाकलाच जात नाही.

या दोन आकारांची नावेच त्यांचा स्वभाव सांगतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन माणसांनी दांड्यांवर उचलून न्यायची एक बंद खुर्ची होती, तिला ‘सेडान’ म्हणत. आपल्याकडचा मेणाच तो. आत एक प्रतिष्ठित माणूस, भोवती पडदा, आणि सामानाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘स्टेशन वॅगन’ हा शब्द अमेरिकेतला. रेल्वे स्टेशनावर उतरलेला प्रवासी आणि त्याच्या ट्रंका एकाच गाडीतून घरी वा हॉटेलात पोहोचवायच्या, यासाठी ती जन्मली. प्रारंभी तिची मागची बाजू लाकडाचीच असे. आपल्या भाषेत तिला दमणी म्हणावे; बैल जुंपलेली, वर छत, आत माणसे, मुले, गाठोडी आणि शिदोरी सगळे एकत्र. मेण्यात बसणे हा मान होता, दमणीत बसणे ही सोय होती. शंभर वर्षे उलटली तरी मोटारविक्रीच्या दालनात हाच भेद टिकून आहे.

महाराष्ट्राला या इतिहासात थोडा अभिमान बाळगायला जागा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, मुंबईची ओळख बनली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. पद्मिनी ही सेडान. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी, २०१४ पर्यंत चाललेली ॲम्बॅसडर हीही सेडान. दोन-तीन पिढ्यांच्या मनात ‘मोटार’ या शब्दाबरोबर उभे राहणारे चित्र पुढे बॉनेट, मध्ये बैठक आणि मागे डिकी असे तीन पेट्यांचे का असते, ते यावरून कळते.

परंतु त्या चित्रात एक गफलत आहे, आणि आजच्या वादाचे मूळ तिच्यातच सापडते. ॲम्बॅसडर आकाराने सेडान असली तरी तिची उंची सुमारे १६०० मिलिमीटर होती. तीत माणूस खुर्चीवर बसावा तसा बसे. डोक्यावर फेटा असला तरी छताला लागत नसे. आजची होंडा सिटी १४८९ मिलिमीटर उंच आहे, मारुती डिझायर १५२५. म्हणजे ‘आमच्या वडिलांच्या गाडीत मागे काय ऐसपैस बसता येई!’ असे म्हणत जो गृहस्थ आज सेडानकडे वळतो, त्याला हवी असलेली बैठक उंचीच्या दृष्टीने सेडानमध्ये उरलेलीच नाही. ती १६७५ मिलिमीटर उंचीच्या वॅगन-आरमध्ये गेली आहे. नाव सेडानचे राहिले, आसन दुसऱ्याच्या घरी नांदायला गेले.

खऱ्या अर्थाच्या स्टेशन वॅगन आपल्याकडे आल्या नाहीत असे नाही. पुण्यात तयार झालेली टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली. पुढे मारुतीची बलेनो आल्टुरा, फियाटची सिएना वीकएंड, ओपेलची कोर्सा स्विंग, २००४ मध्ये टाटांची इंडिगो मरीना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, अशी रांग लागली आणि एकेक करीत सगळ्या विरून गेल्या. लांब छपराची गाडी म्हणजे रुग्णवाहिका, हा समज आड आला. ज्या सेडानवरून ती वॅगन तयार होई, तिच्यापेक्षा किंमत अधिक आणि मान कमी, हेही पटेना. शिवाय मालक मागच्या सीटवर आणि त्याच्या मानेमागे लगेच भाजीची पिशवी, ही कल्पना ज्याने आयुष्यभर मेण्याची हौस बाळगली त्याला रुचणारी नव्हतीच. गंमत अशी, की त्यानंतर काही वर्षांतच तोच दोन पेट्यांचा आकार जमिनीपासून वर उचलून, चाकांभोवती काळे प्लास्टिक लावून ‘एसयूव्ही’ या नावाने समोर आला आणि लोकांनी तो रांगा लावून घेतला.

वॅगन-आर ही शास्त्रशुद्ध स्टेशन वॅगन नव्हे, तथापि ती त्या कुळातली आहे. जपानमध्ये ‘केई’ नावाच्या छोट्या मोटारींना आजच्या नियमानुसार लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर अशी कडक मर्यादा आहे. उंची मात्र २ मीटरपर्यंत चालते. ज्याला आडवी जागा मिळत नाही तो माळा काढतो, हे मुंबईकराला सांगायला नको. सुझुकीने १९९३ मध्ये तेच केले, आणि १९९९ च्या डिसेंबरात ही गाडी १०६१ घनसेंटिमीटरच्या इंजिनासह भारतात आली. पहिल्या काही वर्षांत तिला लोक डबा म्हणून हसले. आज टॅक्सीपासून डॉक्टरांच्या दारापर्यंत ती सर्वत्र दिसते.

उंचीतून जागा कशी निर्माण होते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणूस जमिनीवर पाय पसरून बसला तर त्याला जवळजवळ त्याच्या पायांइतकी आडवी जागा लागते; स्टुलावर बसला तर गुडघ्यातून पाय खाली जातात आणि निम्म्या जागेत काम भागते. मोटारीतही हाच न्याय चालतो. छप्पर उंच असले की आसन उंच करता येते, आसन उंच असले की पाय खाली सुटतात, आणि तेवढ्याच लांबीत पुढच्या-मागच्या दोघांचे गुडघे सुखाने राहतात. आकडे पाहावेत. डिझायरची लांबी ३९९५ मिलिमीटर, वॅगन-आरची ३६५५. फरक ३४० मिलिमीटरचा, म्हणजे वीतभराहून बराच अधिक. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, ज्यात माणसे बसतात, ते डिझायरमध्ये २४५० आणि वॅगन-आरमध्ये २४३५ आहे. केवळ १५ मिलिमीटरचा फरक! लांबीतील बाकीची वाढ चाकांच्या पुढे आणि मागे, त्यातही मुख्यतः डिकीकडे गेली. माणसांच्या वाट्याला त्यातले जवळजवळ काहीच आले नाही.

रुंदीचा हिशेब मात्र सेडानच्या बाजूने पडतो, आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिझायर बाहेरून १७३५ मिलिमीटर रुंद आहे, वॅगन-आर १६२०. मागे तीन प्रौढ बसले की हा साडेअकरा सेंटिमीटरचा फरक खांद्यांना कळतो. दोघे टेकून बसतात आणि तिसरा कडेवर बसल्यासारखा पुढे सरकून बसतो. सांगलीहून पुण्याला लग्नास जाणारी पाच मोठी माणसे वॅगन-आरमधून उतरतील तेव्हा डोके छताला लागले नाही याचे समाधान त्यांना असेल. खांदे मात्र आखडलेले असतील.

आता त्या प्रश्नाकडे वळावे, जो बहुधा चर्चेला येत नाही. घरात सत्तरीच्या पुढची आई असते. तिचे गुडघे दुखतात, हे सर्वांना माहीत असते. सेडान येते, पेढे वाटले जातात, पहिल्या फेरीला तिला मानाने पुढे बसवतात. मग दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट हळूहळू घडू लागते. “तुम्ही जाऊन या, मला घरीच बरं वाटतं,” असे ती म्हणू लागते. सून म्हणते, “आई, गाडी दारात आहे, चालायचं कुठे आहे?” मुलगा म्हणतो, आईला आता बाहेर पडण्याची हौस राहिली नाही. वस्तुतः हौस पूर्वीइतकीच असते. अडचण गाडीच्या दारात असते, आणि ती सांगणे म्हणजे मुलाने कर्ज काढून घेतलेल्या वस्तूला नाव ठेवणे, म्हणून ती सांगत नाही.

ठेंगण्या गाडीत शिरणे ही क्रिया तरुण माणसाला जाणवत नाही. एक पाय आत टाकायचा, मान वाकवायची, छताची कड चुकवायची आणि शरीर खाली सोडून द्यायचे. गुडघ्याने शेवटचा वीतभर भार पेलला नाही, तर माणूस आदळतो. उतरणे त्याहून कठीण. बसलेल्या स्थितीत गुडघे कमरेच्या वर असले, तर उठताना सारे वजन मांड्यांनी वर ढकलावे लागते; धरायला काही नसते, म्हणून हात दाराकडे जातो आणि दार हलते. साडी असेल तर निऱ्या पायाखाली येतात ते वेगळेच. उंच गाडीत हीच क्रिया खुर्चीवर बसण्यासारखी होते: दाराकडे पाठ करून आसनावर टेकायचे, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. आसनावर गुळगुळीत कापड अंथरले तर फिरणे आणखी सोपे जाते. फिरून बसल्यावर मात्र ते काढून घ्यावे, म्हणजे ब्रेक लागताना घसरायला नको. घरातील जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. जमिनीपासून गाडीच्या आसनाची उंची त्याच्या जवळपास किंवा थोडी अधिक असली, की ज्येष्ठ माणसाला आधाराचा हात मागावा लागत नाही. कोणत्याही माहितीपत्रकात ही उंची छापलेली आढळत नाही. शिंप्याकडची टेप खिशात टाकून जावी आणि स्वतः मोजावी. विक्रेता हसला तर हसू द्यावे.

दुसरेही एक माप घ्यावे: गाडीच्या तळापासून आसनापर्यंतचे. बाहेरून उंच दिसणाऱ्या काही गाड्यांत तळही उंच असतो, त्यामुळे चढताना पाऊल उचलावे लागते आणि आत बसल्यावर गुडघे पुन्हा वर येतात. दोन्हीकडून तोटा. ‘उंच गाडी म्हणजे सोयीची गाडी’ हे समीकरण म्हणूनच सरसकट खरे नाही.

सामानाच्या जागेचे आकडे तर अधिकच फसवे. डिझायरची डिकी ३८२ लिटर, वॅगन-आरची मागची जागा ३४१ लिटर, असे छापलेले असते. हे लिटर पाणी ओतून मोजलेले नसतात. प्रचलित जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एक लिटरचा ठोकळा घेतात आणि असे किती ठोकळे मावतात ते मोजतात. डिकीत ती मोजणी डिकीच्या झाकणापर्यंत होते. वॅगनसारख्या गाडीत बहुधा मागच्या सीटच्या पाठीपर्यंत, म्हणजे आडव्या फळीपर्यंतच होते. तिच्यावर छतापर्यंतची पोकळी हिशेबात धरलेली नसते. ती फळी काढली आणि सीटची पाठ दुमडली, की गादी, शिवणयंत्र, सायकल, रुखवताची टोपली हे सारे आत जाते. डिझायरच्या मागच्या सीटची पाठ दुमडत नाही. डिकी संपली की जागा संपली. डिकीचे तोंडही आतल्या पोकळीपेक्षा लहान असते. कितीही लिटर असले तरी दुमडलेली व्हीलचेअर त्या तोंडातून तिरकी करून घालावी लागते, आणि ती घालताना कंबरेतून वाकून वजन लांबवर धरावे लागते. घरात वॉकर किंवा व्हीलचेअर असेल, तर ती दालनात बरोबर नेऊनच निर्णय करावा. आकड्यांनी हा प्रश्न सुटत नाही.

सीएनजी आला की हे सारे गणित मोडते. पाण्याच्या मापाने ६० लिटरची नळकांडी मागे बसविली, की दोन्ही आकारांत सामानाच्या जागेचा मोठा हिस्सा जातो. मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांनी टपावर कॅरियर बांधून त्यावर उपाय शोधला होता. घरच्या गाडीला तो शोभत नाही असे लोकांना वाटते. अलीकडे टाटांनी एका मोठ्या टाकीऐवजी ३० लिटरच्या दोन टाक्या तळाशी शेजारी शेजारी बसविण्याची पद्धत आणली, त्यामुळे वर पिशव्या ठेवण्यापुरती सपाट जागा उरते. दररोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्यासाठी सीएनजीचा हिशेब जमतो. महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढणाऱ्याने इंधनावर वाचविलेल्या पैशासाठी डिकी का विकावी, हे कळत नाही.

सेडानचे गुण प्रवास सुरू झाल्यावर दिसतात. मागच्या सीटमागे भिंत असल्याने चाकांचा घरघराट, खडी उडाल्याचा आवाज आणि सामानाची खडखड डिकीतच राहते. वॅगनमध्ये तो सगळा आवाज माणसांच्या सोबत प्रवास करतो. थंड करावयाची हवा सेडानमध्ये कमी, म्हणून मे महिन्यात ती लवकर निवते. डिझायरमध्ये मागच्यांसाठी वातानुकूलनाचे स्वतंत्र झरोके आहेत, वॅगन-आरमध्ये नाहीत. खंबाटकीच्या घाटात वळणावर उंच गाडी बाहेरच्या बाजूस अधिक कलते. ज्यांना गाडी लागते त्यांना हा फरक पोटात कळतो. सेडानच्या आसनाची पाठ अधिक रेललेली असते, आणि चार-पाच तासांच्या प्रवासात निरोगी माणसाला ती खुर्चीसारख्या ताठ बैठकीपेक्षा सुखावह वाटते. म्हणजे चढ-उताराचे सुख एका गाडीत आणि लांबच्या बैठकीचे दुसरीत. घरातील प्रवास दहा मिनिटांचे आणि वारंवार आहेत की पाच तासांचे आणि क्वचित, यावर पारडे झुकावे.

सुरक्षिततेची एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर मागे मोकळी ठेवलेली दहा किलोची तांदळाची पिशवी सव्वाशे-दीडशे किलोच्या जोराने पुढे येते. सेडानमध्ये ती डिकीच्या भिंतीवर थडकते. वॅगनमध्ये ती सीटच्या पाठीपेक्षा उंच रचलेली असेल, तर मागच्या प्रवाशाच्या डोक्यावरच येते. म्हणून वॅगनमध्ये जड सामान तळाशी, सीटला टेकवून ठेवावे आणि पितळेचे डबे, कुकर, पाण्याचा कॅन असल्या वस्तू सीटच्या पाठीच्या वर कधीही रचू नयेत. जाळी मिळत असेल तर घ्यावी. आंब्याच्या पेट्यांचा वास गाडीभर दरवळतो हा मात्र वॅगनचा दोष मानायचा की गुण, हे ज्याने त्याने ठरवावे.

सरकारी कररचनेने या आकारांना कशी कात्री लावली आहे, हे पैशाचा हिशेब ठेवणाऱ्यास विशेष रंजक वाटेल. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. त्या एका आकड्यामुळे सेडानची शेपटी कापली गेली. पहिली डिझायर २००८ ची, लांबी ४१६० मिलिमीटर, डिकी ४४० लिटर. २०१२ मध्ये ती ३९९५ वर आली आणि डिकी ३१६ लिटर झाली. सव्वाशे लिटर सामान सरकारजमा झाले म्हणायचे! वस्तू व सेवा करातही तीच रेषा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यापलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. एर्टिगा ही खरोखरीची कुटुंबवॅगन. लांबी चार मीटरहून अधिक, चाकांतील अंतर २७४०, तिसरी रांग दुमडली तर ५५० लिटर सामान, न दुमडली तर २०९. पण ती चाळीस टक्क्यांच्या रेषेपलीकडे पडते. करपूर्व किंमत सात लाख धरली तर अठरा टक्क्यांनी कर १,२६,००० आणि चाळीस टक्क्यांनी २,८०,००० रुपये होतो. केवळ रेषेच्या पलीकडे उभे राहण्याचे १,५४,०००.

मोठी वॅगन लहान सेडानपेक्षा तीन लाखांनी महाग पडली आणि ते तीन लाख कर्जाने उभे केले, तर नऊ टक्के व्याजाने सात वर्षांचा हप्ता दरमहा ४,८२७ रुपये वाढतो. वर्षाला जवळजवळ ५८,०००. सात जणांनी एकत्र प्रवास करण्याचे प्रसंग वर्षातून तीन-चारच असतील, तर तेवढ्या पैशांत चालकासह सात आसनी गाडी भाड्याने आणता येते आणि परतल्यावर तिला उभी करायला जागा शोधावी लागत नाही. तिसऱ्या रांगेत नियमाने बसणारी मुले घरात असतील, तर गोष्ट निराळी. मात्र तिथे आजीला बसवायचा विचारही करू नये. त्या रांगेत शिरण्यासाठी वाकून, आडवे होऊन सरकावे लागते.

दालनात जाताना घरातील सर्वांना न्यावे, विशेषतः ज्यांचे मत कोणी विचारत नाही त्यांना. जो खरोखर गाडी चालविणार त्याने आपल्या सोयीने सीट मागे घ्यावी आणि मग त्याच्याच मागे आईला बसवावे. पाच मिनिटांत सगळेच आसन मऊ वाटते. पंधरा-वीस मिनिटे बसू द्यावे, आणि किमान तीनदा चढू-उतरू द्यावे. दालनाची फरशी सपाट असते, घरासमोरचा रस्ता तसा नसतो. गाडी पदपथाच्या कडेला लावली, की ठेंगण्या सेडानचे दार कधी कधी त्या कडेवर घासते आणि पदपथावर उभ्या माणसासाठी आसन आणखी वीतभर खाली जाते. उंच गाडीला तीच कड पायरीसारखी उपयोगी पडते. म्हणून चाचणीसाठी गाडी मिळाली, की ती हमरस्त्यावर पळविण्याआधी आपल्या दारात आणून, रोज जिथे उभी राहणार तिथेच उभी करावी, आणि मग आईला बाहेर बोलवावे.